मोबाइलवरचा स्लाइडशो : फोटो निवडण्यापासून पडद्यापर्यंत

निवडलेले फोटो ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेळ पडद्यावर एकामागून एक दाखवणे म्हणजे स्लाइडशो. स्मार्टफोनवर तो दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात फोनमधले गॅलरी ॲपच अल्बममधले फोटो आपोआप पुढे सरकवत राहते. त्यात वेगळी फाइल तयार होत नाही. ॲप बंद केले की स्लाइडशो संपला. दुसऱ्या प्रकारात फोटो, मजकूर आणि आवाज एकत्र करून व्हिडिओ बनवला जातो. तो कुणालाही पाठवता येतो आणि जवळपास कुठल्याही टीव्हीवर लावता येतो. घरच्या चार माणसांनी सहलीचे फोटो पाहायचे असतील तर पहिला प्रकार पुरतो. पंचाहत्तरी, मुंज, लग्न, निवृत्तीचा निरोप अशा कार्यक्रमांना मात्र व्हिडिओच करावा. कोणता प्रकार करायचा हे पहिल्याच दिवशी ठरवावे, कारण पुढची सगळी कामे त्यावर अवलंबून असतात.

एकामागून एक चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची ओढ मराठी माणसाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे मॅजिक लँटर्नच्या साहाय्याने पडद्यावर पाडून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले. त्यांत रामायणातल्या कथा होत्या, आणि चित्रांबरोबर निवेदन व संगीतही होते. चित्र बदलत असताना कुणीतरी गोष्ट सांगत होते, म्हणून ते खेळ रंगले. फोनवरच्या स्लाइडशोलाही हेच लागू पडते. चित्रे फिरवण्याचे काम फोन करतो. कोणती चित्रे, कोणत्या क्रमाने आणि त्यांतली माणसे कोण, हे मात्र माणसालाच ठरवावे आणि सांगावे लागते.

फोटो गोळा करणे

उदाहरणादाखल इंदूर जिल्ह्यातले बेटमा घेता येईल. इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव देपालपूर तहसिलीत येते. तिथल्या एखाद्या मराठी घरात आजोबांची पंचाहत्तरी ठरली आहे असे धरू. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या काळापासून आणि पुढे होळकर संस्थानच्या नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे माळव्यात येत गेली. आज अशा घरांची एक शाखा इंदुरात, दुसरी पुण्यात आणि एखादी परदेशात असते. फोटोही असेच विखुरलेले असतात: लग्नाचा अल्बम थोरल्या भावाकडे, मुंजीचे फोटो आत्याकडे, अलीकडचे सगळे नातवंडांच्या फोनमध्ये.

हे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मागवण्याची पद्धत रूढ आहे, आणि बहुतेक स्लाइडशो तिथेच बिघडतात. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लहान करते आणि फोटो कधी काढला ही त्याच्या आत साठवलेली नोंदही काढून टाकते. त्या फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती पाठवणीची असते, फोटो काढल्याची नव्हे. त्यामुळे १९९८ चा फोटो आणि गेल्या महिन्यातला फोटो गॅलरीत शेजारी येऊन बसतात. यावर सोपा उपाय म्हणजे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगणे. तसा पाठवलेला फोटो मूळ आकारात आणि मूळ नोंदींसह पोहोचतो. दुसरा आणि अधिक चांगला उपाय म्हणजे गुगल फोटोजमध्ये सामायिक अल्बम तयार करून त्याची लिंक नातेवाइकांना देणे. प्रत्येक जण आपापले फोटो त्यात टाकतो आणि सगळे एका जागी जमते. गुगलच्या खात्यात फुकट मिळणारी जागा १५ जीबी आहे आणि १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात. ज्यांची जागा भरत आली आहे त्यांना थोडेच, निवडलेले फोटो टाकायला सांगावे.

फोटो किती मोठा हवा, याची धास्ती घेण्याचे कारण नाही. फुल एचडी टीव्हीचा पडदा १९२० × १०८० ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे २ मेगापिक्सेलचा असतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या साध्या कॅमेऱ्याचा मूळ फोटोही त्याला पुरून उरतो. पुन्हापुन्हा फॉरवर्ड झालेला, कडांना चौकोन पडलेला फोटो मात्र मोठ्या पडद्यावर नजरेला खुपतो. तो वगळावा किंवा मूळ प्रत शोधावी.

छापील फोटो फोनमध्ये आणणे

पंचाहत्तरीच्या स्लाइडशोचा प्राण असतो तो कागदावरच्या फोटोंत, आणि सर्वात जास्त वेळ द्यावा तो इथेच. छापील फोटोचा फोनने फोटो काढताना तीन अडचणी येतात: चमक, तिरकेपणा आणि फोनची सावली. फोटो प्लॅस्टिकच्या खिशातून अलगद बाहेर काढावा, खिडकीजवळ पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी सपाट ठेवावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. फोन फोटोला समांतर धरावा. फार जवळ नेला तर कडा वाकड्या येतात, म्हणून थोडा वर धरून नंतर कातरणे चांगले. गुगलचे फोटोस्कॅन हे ॲप याच कामासाठी आहे. ते एकाच फोटोची वेगवेगळ्या कोनांतून अनेक छायाचित्रे घेते आणि ती जोडून चमक काढून टाकते. चकचकीत कागदावरच्या रंगीत फोटोंना त्याचा फार उपयोग होतो. खरबरीत कागदावरच्या जुन्या कृष्णधवल फोटोंना साधा कॅमेराही पुरतो.

चिकट पानांच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षे बसलेले फोटो ओढून काढू नयेत; ते फाटतात. त्यांचा फोटो पान तसेच ठेवून, वरची पारदर्शक पट्टी हळूच उचलून काढावा. पट्टी उचलत नसेल तर तीही तशीच राहू द्यावी आणि प्रकाश बाजूने येईल असे पाहावे.

प्रत्येक छापील फोटोची मागची बाजूही टिपून ठेवावी. तिथे कुणीतरी शाईने लिहिलेली तारीख असते, स्टुडिओचा शिक्का असतो, कधी नुसते ‘चि. … च्या बारशाला’ एवढेच असते. तेवढ्यावरून साल निघते. इंदुरात फोटोग्राफीची परंपरा जुनी आहे. पुढे देशभर नावाजले गेलेले लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले, तिथेच फोटोग्राफीकडे वळले आणि त्यांना महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा आश्रय मिळाला. त्यामुळे माळव्यातल्या घरांत पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना फोटो सापडला तर पुठ्ठ्यावरचे स्टुडिओचे नाव आधी वाचावे. तो पुठ्ठा कापून टाकू नये. स्लाइडशोत फोटो कातरून वापरता येतो, पण पुठ्ठ्यासकट घेतलेली एक प्रत जपून ठेवावी.

फोनने टिपलेल्या जुन्या फोटोला फोन आजची तारीख देतो. गुगल फोटोजमध्ये आणि आयफोनच्या फोटोज ॲपमध्ये ही तारीख बदलता येते. नेमका दिवस माहीत नसेल तर त्या वर्षाचा १ जानेवारी टाकावा, म्हणजे फोटो निदान योग्य वर्षात जाऊन बसतो. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण एकदा झाले की क्रम लावायला लागणारे तास वाचतात.

निवड आणि क्रम

जमलेल्या फोटोंतून निवड करताना आधी वेळेचा हिशोब करावा. एका फोटोला सरासरी ५ सेकंद धरले तर ६० फोटोंना ३०० सेकंद, म्हणजे बरोबर ५ मिनिटे लागतात. समारंभात जमलेले लोक पाच ते सात मिनिटे मन लावून पाहतात. त्यानंतर कुजबुज सुरू होते आणि लक्ष जेवणाकडे जाते. तेव्हा जमलेले फोटो चारशे असले तरी पडद्यावर साठ ते ऐंशीच जावेत. उरलेल्यांचा वेगळा अल्बम करून त्याची लिंक सगळ्यांना द्यावी, म्हणजे कुणाचा फोटो राहिला म्हणून रुसवाही उरत नाही.

सगळ्या फोटोंना सारखाच वेळ देणे मात्र चुकीचे आहे. एकाच चेहऱ्याचा फोटो ३ ते ४ सेकंदांत पाहून होतो. वीस माणसांच्या समूहचित्रात प्रेक्षक स्वतःला आणि आपल्या माणसांना शोधतात. त्याला ८ सेकंदही कमी पडतात. एकाच प्रसंगाचे पाच फोटो असतील तर त्यातला एक ठेवावा. निवडताना सर्वात सुंदर फोटोपेक्षा सर्वात जास्त सांगणारा फोटो घ्यावा. आजोबांचा स्टुडिओतला सरळ बसलेला फोटो एक असावा, पण दुकानाच्या गल्ल्यावर, शाळेच्या वर्गात किंवा शेतावर काम करतानाचा फोटो हलला असला तरी घ्यावा. फोटोतली पार्श्वभूमीही पाहावी. बेटम्याचा गुरुद्वारा, इंदूरचा राजवाडा किंवा अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली एखाद्या कापड गिरणीची झाँकी (चित्ररथ) मागे दिसत असेल, तर त्या एका फोटोत माणूस, जागा आणि काळ तिन्ही येतात.

क्रम बहुधा कालानुक्रमे लावला जातो आणि तो समजायला सोपा असतो. जन्म, शाळा, लग्न, नोकरी, मुले, नातवंडे असा ओघ आपोआप येतो. एक अपवाद करावा: पहिला फोटो अलीकडचा, सगळ्यांच्या ओळखीचा असावा. सुरुवातीलाच अनोळखी बाळाचा फोटो आला तर पाठीमागच्या रांगेतल्या पाहुण्यांना कुणाबद्दल चालले आहे ते कळायला वेळ लागतो.

फोनमधली साधने

अँड्रॉइडवरच्या गुगल फोटोजमध्ये अल्बममधला पहिला फोटो उघडून मेनूतला स्लाइडशोचा पर्याय निवडला की फोटो पुढे सरकू लागतात. सॅमसंगच्या गॅलरीत अल्बम उघडून वरच्या तीन ठिपक्यांत हा पर्याय मिळतो. आयफोनच्या फोटोज ॲपमध्येही अल्बमच्या तीन ठिपक्यांत तो असतो आणि संगीत, वेग व शैली निवडता येते. त्यातली ‘केन बर्न्स’ ही शैली अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांच्या नावाची. स्थिर फोटोवर कॅमेरा हळूहळू सरकल्याचा भास तीत होतो आणि जुन्या फोटोंना ती शोभते. मेनूतल्या जागा प्रत्येक अपडेटबरोबर बदलतात, म्हणून पर्याय दिसला नाही तर ॲपच्या मदत विभागात ‘स्लाइडशो’ शोधावे.

व्हिडिओ बनवण्यासाठी इनशॉट, काइनमास्टर, कॅनव्हा यांसारखी ॲप वापरात आहेत. सगळ्यांची रीत एकच: नवा प्रकल्प उघडणे, पडद्याचा आकार ठरवणे, फोटो क्रमाने घेणे, प्रत्येकाची वेळ ठरवणे, मजकूर व आवाज जोडणे आणि शेवटी व्हिडिओ साठवणे. फुकट आवृत्तीत काही ॲप व्हिडिओच्या कोपऱ्यात आपला शिक्का ठेवतात. साठ फोटो बसवण्याआधी दोन फोटोंचा व्हिडिओ करून हे तपासून घ्यावे. भारतात जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये व्हिवाव्हिडिओ हे लोकप्रिय ॲपही होते. असे बंदी असलेले ॲप कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नये. ॲप नेहमी प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्यावे, आणि स्लाइडशो बनवणारे ॲप संपर्कयादी किंवा ठावठिकाणा मागत असेल तर परवानगी नाकारावी.

आकार ठरवताना कार्यक्रम डोळ्यांसमोर ठेवावा. टीव्हीसाठी आडवा १६:९ आणि फोनवरच्या स्टेटससाठी उभा ९:१६. आडव्या पडद्यावर उभा फोटो आला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. तिथे त्याच फोटोची धूसर पार्श्वभूमी द्यावी किंवा दोन उभे फोटो शेजारी ठेवावेत. पडदा भरण्यासाठी फोटो मोठा केला तर हमखास कुणाचे तरी डोके कापले जाते. फोटो बदलतानाच्या करामती जवळजवळ सगळ्या टाळाव्यात. एक फोटो विरून दुसरा उमटतो, तो साधा बदल पुरेसा आहे. लखलखणारे आणि गरगर फिरणारे बदल ज्येष्ठांच्या डोळ्यांना त्रास देतात आणि फोटोकडे पाहू देत नाहीत.

नावे आणि मजकूर

घरगुती स्लाइडशोत सर्वात जास्त उणीव राहते ती नावांची. ‘काका आणि आत्या’ असे फोटोखाली लिहिलेले असते, पण एकाची आत्या दुसऱ्याची मावशी असते, तिसऱ्याची आजी आणि चौथ्याची शेजारीण. नाते पाहणाऱ्याबरोबर बदलते, नाव बदलत नाही. म्हणून फोटोखाली पूर्ण नाव, जागा आणि साल एवढे तरी असावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नावही द्यावे. तसे न केल्यामुळे शाळेच्या फोटोतली मुलगी आणि पुढच्या फोटोतली सून एकच आहे हे पुढच्या पिढीला कळत नाही. दिवंगतांच्या नावाआधी ‘कै.’ लिहिण्याची रीत पाळावी आणि नावांची यादी घरातल्या सर्वात वडील माणसाकडून एकदा वाचून घ्यावी. ही यादी करण्याच्या निमित्ताने होणाऱ्या गप्पांतून जे कळते ते पडद्यावर मावणार नाही. ते वहीत उतरवून ठेवावे.

मराठी मजकूर लिहिण्यासाठी कीबोर्डची भाषा मराठीच निवडावी. माळव्यातल्या अनेक फोनांवर हिंदी कीबोर्ड असतो. तो शब्द हिंदीच्या अंगाने सुचवत राहतो, ‘ळ’ चटकन सापडत नाही आणि घाईत ‘बाळ’चे ‘बाल’ होते. काही व्हिडिओ ॲपमधल्या नक्षीदार अक्षरांत वेलांट्या आणि जोडाक्षरे मोडतात. त्यासाठी ‘विद्यार्थी’, ‘पंचाहत्तरी’, ‘श्रीकृष्ण’, ‘वऱ्हाड’ असे चार शब्द लिहून अक्षरे आधी तपासावीत. मुक्ता, बालू आणि टिरो देवनागरी मराठी हे मोफत फाँट नीट उमटतात. मजकूर एका ओळीचा, मोठा, गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत असावा. तो सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ फोटो पडद्यावर राहिला पाहिजे. पाहुण्यांत हिंदी बोलणारे शेजारी आणि मित्र असतील, आणि बेटम्यात ते असणारच, तर नावे दोघांनाही वाचता येतात. लांब मराठी वाक्ये मात्र कमी ठेवावीत.

आवाज

पार्श्वभूमीला बहुतेक जण सिनेमाचे गाणे घेतात. गाणी ऐकवणाऱ्या ॲपमध्ये डाउनलोड केलेले गाणे व्हिडिओच्या ॲपमध्ये घेता येत नाही. ते त्या ॲपपुरतेच कुलूपबंद असते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि गीतकार व संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवण्याला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की तिथली यंत्रणा गाणे ओळखून आवाज बंद करू शकते किंवा व्हिडिओ अडवू शकते. इंटरनेटवर टाकायचा असेल तर यूट्यूबच्याच ऑडिओ संग्रहातले मोफत संगीत घ्यावे.

मात्र सर्वात उत्तम आवाज घरातच असतो. आजींनी सांगितलेली लग्नाची हकिकत, आजोबांनी सांगितलेली पहिल्या नोकरीची आठवण फोनच्या रेकॉर्डरमध्ये घ्यावी. पंखा बंद, टीव्ही बंद, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि खोली शक्यतो गाद्यागिरद्यांची, म्हणजे घुमत नाही. दहा मिनिटांच्या बोलण्यातून दोन मिनिटे निवडून त्या त्या फोटोंखाली बसवावीत आणि बोलणे चालू असताना संगीत अगदी हळू ठेवावे. शब्द असलेले गाणे आणि बोलणे एकाच वेळी ठेवू नये. दोन्ही ऐकू येत नाहीत.

पडद्यावर

व्हिडिओ एमपीफोर स्वरूपात, एच.२६४ पद्धतीने, १०८० रिझोल्यूशनमध्ये साठवावा. हे स्वरूप जवळपास प्रत्येक टीव्हीला वाचता येते. आयफोनचे फोटो २०१७ पासून एचईआयसी स्वरूपात येतात. ते सुटे फोटो पेनड्राइव्हवरून टीव्हीला दाखवायचे असतील तर आधी जेपीजीमध्ये बदलून घ्यावेत आणि क्रमासाठी फाइलींना ००१, ००२ अशी नावे द्यावीत.

घरच्या स्मार्ट टीव्हीवर फोनचे चित्र तारेविना दाखवता येते. सॅमसंगमध्ये या सोयीला ‘स्मार्ट व्ह्यू’, इतर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘कास्ट’ आणि आयफोनमध्ये ‘एअरप्ले’ म्हणतात. बहुतेक वेळा फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असावे लागतात. टाइप-सी ते एचडीएमआय तार घेण्याआधी फोनच्या माहितीपत्रकात पडद्याला चित्र देण्याची सोय आहे का ते पाहावे. अनेक मध्यम किमतीच्या फोनांत ती नसते आणि तार वाया जाते.

मॅरेज गार्डनमधल्या कार्यक्रमाला वायफायवर विसंबू नये. तिथल्या एलईडी भिंतीचा आकार नेहमीच १६:९ नसतो, म्हणून व्हिडिओ बनवण्याआधीच टेंटवाल्याला किंवा साउंडवाल्याला मापे विचारावीत. आदल्या दिवशी त्यांच्याच लॅपटॉपवर व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावून पाहावा. आवाज त्यांच्या स्पीकरमधून तपासावा, कारण फोनवर गोड वाटणारे संगीत मोठ्या स्पीकरवर निवेदन गिळून टाकते. व्हिडिओ दोन पेनड्राइव्हवर आणि फोनमध्येही असावा. व्हिडिओ फोनवरूनच लावायचा असेल तर फ्लाइट मोड आणि ‘व्यत्यय आणू नका’ दोन्ही सुरू करावे, पडदा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवावी आणि चार्जर लावून ठेवावा. वायफायवरून कास्ट करताना फ्लाइट मोडमध्येही वायफाय वेगळे सुरू करता येते.

नंतर व्हिडिओ नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. अशी फाइल २ जीबीपर्यंत जाते आणि दर्जा टिकतो. लहान मुलांचे आणि आजारपणातले फोटो असतील तर व्हिडिओ सार्वजनिक न ठेवता लिंक असणाऱ्यांपुरता ठेवावा आणि तो टाकण्याआधी त्या त्या घरच्यांना विचारावे.

व्हिडिओ तयार झाला म्हणून गोळा केलेले मूळ फोटो फोनमधून पुसू नयेत. व्हिडिओत फोटो लहान होऊन बसलेले असतात आणि त्यांतून मूळ दर्जाचा फोटो परत मिळत नाही. मूळ फोटो, मागच्या बाजूंची छायाचित्रे, आजी-आजोबांचे पूर्ण रेकॉर्डिंग आणि नावांची यादी असे एकत्र फोल्डर करून त्याची एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. ज्या घरांत ऐंशीच्या पुढची माणसे आहेत, त्यांनी नावांची यादी करण्याचे काम कार्यक्रमाची वाट न पाहता याच आठवड्यात सुरू करावे.